अंघोळीची वेळ

केंटकीतल्या शुश्रूषागृहात व्हर्नन आजोबांनी सलग दहा दिवस सकाळची अंघोळ नाकारली. "उद्यापासून शांत राहायची गोळी सुरू करू," मुख्य नर्स म्हणाली. सेविका ट्वायलाला ते पटेना. तिने कॉम्प्युटरवर तिन्ही पाळ्यांच्या महिनाभराच्या नोंदी एकत्र उघडल्या. मागे एका संध्याकाळी मात्र आजोबांनी हूं की चूं न करता अंघोळ केली होती.

नोंदी पाहिल्या त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती टॉवेल घेऊन गेली. आजोबा लगेच उठले.

"मग सकाळी का हो छळता आम्हाला?"

"चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, पोरी. अंघोळ करून खाणीत कोण उतरतं?"

गोळी रद्द झाली. ट्वायलाने कॉम्प्युटरवर नवी वेळ नोंदवली: "संध्याकाळी पाच, आजोबा कामावरून आल्यावर."