तिरका टाका

"ताई, हा कुणीतरी उघडलाय," कुरियरवाला म्हणाला आणि हेडफोन दारातल्या उजेडात धरून उलटासुलटा करू लागला.

तिचा पारा चढला. गेला आठवडाभर ती कंपनीच्या मागे हात धुऊन लागली होती. घरपोच मागवलेला हेडफोन एक दिवस नीट चालला आणि दुसऱ्या दिवशी त्याची डावी बाजू मुकी झाली. फोन करून करून जीभ दुखली, तेव्हा कुठे हा माणूस बदली हेडफोन घेऊन दारात उभा राहिला होता. आणि आता तिच्यावरच खापर फोडत होता.

"मी उघडलाय? अहो, मला साधं बटण लावता येत नाही!"

हे मात्र खरं होतं. जन्मभर लोकांचे कोट शिवलेल्या शिंप्याची ही एकुलती एक लेक, पण दिव्याखाली अंधार. शिवणकामातलं तिला एकच जमायचं, बाबांना सुईत दोरा ओवून देणं. तिचं पोट कानांवर चालायचं. लोकांच्या बैठकांची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि शब्दन्‌शब्द टाइप करायचा.

"हे बघा ना." डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीचं कापड त्याने अंगठ्याने ताणलं. "सगळी शिवण मशीनची, आणि एवढी चार बोटं हाताची. आतून डाव्या बाजूची वायर जाते. दाबून बघा, दोन टोकं हाताला लागतात. पट्टी उसवून वायर कापलीय आणि वरून पुन्हा शिवलंय. उंदराचं काम नाही हे."

ती शिवणीकडे बघत राहिली. बारीक, एकसारखे टाके. काळ्यावर काळा दोरा. शेवटची गाठ आत दडवलेली. गाठ दिसली की शिंपी हरला, असं बाबा म्हणायचे. सुईदोऱ्याचा डबा उशाशी घेऊन झोपणारं घरात दुसरं होतं कोण?

तिला राग आला. चांगलाच आला. पोटावर पाय, आणि तोही सख्ख्या बापाचा!

पाय गेल्यापासून बाबा आतल्या खोलीत पलंगावर होते. आवाजही खोल गेला होता, म्हणून काही लागलं की कापड मोजायच्या लाकडी गजाने भिंतीवर ठोकायचे. पाणी हवं, ठोक. खिडकी लाव, ठोक. किती वाजले, ठोक. दर ठोक्याला तिचं वाक्य तुटायचं. हेडफोन कामासाठी मागवलाय असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे तिला त्या ठोक्यांपासून सुटका हवी होती.

पहिल्या दिवशी काय सुख लागलं होतं! दुपार कलल्यावर ती उठून आत गेली, तर चादर ओली, गज जमिनीवर पडलेला आणि बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले. तिने चादर बदलली आणि गज उचलून त्यांच्या हाताशी ठेवला. दुसऱ्या दिवशी हेडफोन त्यांच्याच उशाशी चार्जिंगला लावून ती बाजारात गेली होती. परत आली तर डावी बाजू बंद. तेव्हापासून ती बाजू कानामागे सरकवूनच ती काम करत होती, आणि भिंतीवर ठोका पडला की शिव्या कंपनीला घालत होती.

"नियमाने मला हा परत घेता येत नाही," कुरियरवाला म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. "पण काम इतकं साफ आहे, मीच आधी फसलो होतो. मी काही बघितलंच नाही असं समजू. नवा घालून बघा आणि सही करा."

तिने नवा हेडफोन कानांवर चढवला. दोन्ही बाजू उत्तम. रस्ता गेला, जिन्यातली पावलं गेली, शेजारच्यांचा नळ गेला. आठवडाभर हेच तर हवं होतं तिला. समोर कुरियरवाल्याचे ओठ हलत होते. मग तो बोटाने तिच्या पाठीमागे दाखवू लागला.

तिने हेडफोन काढला.

"आत कुणीतरी ठोकतंय," तो म्हणाला. "मघापासून."

"वडील आहेत माझे." तिने नवा हेडफोन खोक्यात नीट ठेवला आणि खोकं त्याच्या हातात दिलं. "हा घेऊन जा. जुनाच राहू दे."

"अहो, पण तो तुटकाय!"

"चालतो मला."

"तुमची मर्जी," म्हणत तो मान हलवत जिना उतरला.

जुना हेडफोन घेऊन ती आत गेली. बाबांनी गज खाली ठेवला.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं. मग तिच्या हातातला हेडफोन दिसला, तसे ते खिडकीबाहेर बघू लागले.

ती पलंगाच्या कडेला बसली. शिवलेली बाजू वर करून तिने हेडफोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"शिवण छान झालीय, बाबा."

सवयीने बाबांचा अंगठा शिवणीवरून फिरत गेला आणि मध्येच एका जागी थांबला.

"कसली छान," ते म्हणाले. "हा एक टाका तिरका गेलाय. दोरा ओवायला तू घरात नव्हतीस."