दोनदा आपटला की सोडायचं

कमरेशी ओढून घेतलेली मूठ निव्वळ शोभेची, असंच कराटेच्या वर्गात सगळ्यांना वाटायचं. सरांनी आज तिचा अर्थ उलगडून सांगितला. काता म्हणजे एकट्यानं हवेत केलेली मारामारी, पण समोर न दिसणारा एक माणूस असतोच. त्या मुठीत त्याचं मनगट असतं. ते कमरेकडे ओढायचं आणि दुसऱ्या हाताचा भार त्याच्या कोपरावर टाकायचा. माणूस कितीही दांडगा असो, वाकतोच.

"वाकतो," मावशी म्हणाली.

पोरं हसली. मावशी पन्नाशीची, दिवसभर शाळेच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणारी. सर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, पण पोरांची मावशी म्हणजे त्यांचीही मावशीच झाली होती.

वर्ग सुटल्यावर सरांनी तिला थांबवलं. कुठे वापरलंत, म्हणून विचारलं.

हरवलेल्या पुस्तकाबद्दल सांगावं तसं तिनं सांगितलं. मुलगा. सव्वीस वर्षांचा. परवा त्यानं मनगट धरलं, नेहमीसारखं. तिचा हात आपोआप फिरला, मूठ कमरेशी गेली आणि एवढा थोरला घोडा दाराला गाल टेकून वाकला. मग त्यानं दारावर हात आपटला. दोनदा.

"मग?"

"मग मी सोडलं."

दोनदा आपटला की सोडायचं, हा सरांचाच नियम. सरावात कुणाचा हात मोडू नये म्हणून. उशीर करणाऱ्याला वीस जोर. सात वर्षांत मावशीला एकदाही जोर काढावे लागले नव्हते.

"मग त्यानं दार लावलं," ती म्हणाली.

तिच्या करंगळीला पट्टी होती. कपाटात चेमटली, असं तिनं काल सांगितलं होतं, आणि कपाटाला काता दाखवायचा ना, म्हणून सरांनीच थट्टा केली होती. आता त्यांना स्वतःची लाज वाटली. आज बहिणीकडे जा, असं ते म्हणाले. घर माझं आहे, असं ती म्हणाली.

सरांनी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.

"मी कितीही वेळा हात आपटला तरी सोडायचं नाही, मावशी."

त्यांनी तिचं मनगट धरलं. तिचा हात फिरला. सर वाकले, गुडघ्यावर आले. त्यांनी चटईवर दोनदा हात आपटला. मूठ सुटली नाही. पुन्हा दोनदा आपटला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

"शाबास. अजून दाबा."

तिनं दाबलं.

"आई गं," सरांच्या तोंडून निघून गेलं.

मूठ उघडली.

सर कोपर चोळत तसेच बसून राहिले. मावशीनं आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. मुलगा सातला घरी येतो, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं कोपऱ्यातल्या पिशवीतून रुमाल काढला, त्याची नीट घडी केली आणि सरांपुढे धरला.

"अजून एकदा. या वेळी हा तोंडात धरा."