डिकीची स्प्रिंग

गाडीच्या डिकीचं झाकण वर टिकेना. परवा सुनेच्या मनगटावर आदळलं. आज ती दोन नव्या स्प्रिंगा घेऊन अंगणात आली आणि सासऱ्यांचा जीव खालीवर झाला. "अगं, ताणलेली स्प्रिंग सुटली की डोळा घेऊन जाते. माझा नेला ना!" जन्मभर गॅरेज चालवलेल्या सासऱ्यांनी त्या अपघातानंतर पान्याला हात लावला नव्हता. "म्हणूनच तुम्ही सांगा, बाबा. मी तसंच करते." ते सांगत गेले: झाकणाला लाकडाचा टेकू, डोळ्यांवर चष्मा, स्प्रिंगवर जाड रजई, तोंड बाजूला. सुनेने पकडीने जुन्या स्प्रिंगचा आकडा सोडवला. खाडकन आवाज झाला. सासऱ्यांनी उरलेला डोळा गच्च मिटला. "बाबा, बघा ना!" स्प्रिंग रजईत निपचित पडली होती, सुनेचे दोन्ही डोळे लुकलुकत होते. सासरे हसत पुढे आले. "सरक, दुसऱ्या बाजूची मी काढतो."