द्वारकाची हाळी

“मावशी, मोटारसायकलला हा लहान स्पीकर पुरे,” मेकॅनिक म्हणाला. द्वारकानं मान हलवली आणि सर्वांत मोठ्या भोंग्यावर बोट ठेवलं.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला, तेव्हा सगळे म्हणाले, “आता घरी बस. हाळी दिल्याशिवाय मासे विकता येतात होय?” बंगल्यातल्या वहिनींनी तर सुटकेचा निःश्वास टाकला. रोज द्वारकाच्या ओरडण्यानं त्यांची झोप मोडायची.

भोंगा बसताच तिनं मोबाइल जोडला आणि गाडी थेट वहिनींच्या फाटकासमोर उभी केली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरून ठेवलेला तिचाच आवाज गल्लीभर घुमला, “बांगडे घ्याऽऽ, ताजे फडफडीत!”

वहिनी तणतणत बाहेर आल्या. “द्वारके, बंद कर ते!”

द्वारकानं आवाज आणखी वाढवला. भोंगा गरजला, “उठा वहिनी, उन्हं वर आली!”