कुंकवाचा पंजा

"पिवळा रंग आणि मधे काळा पट्टा, आमच्या खाणीच्या रेल्वेसारखा," निवृत्त इंजिन ड्रायव्हर मेश्रामकाका म्हणाले होते. खेळणी रंगवून देणाऱ्या शुभदाने त्यांचं खेळण्याएवढं इंजिन हुबेहूब तसं रंगवलं. सकाळी बघते तर इंजिनाच्या तोंडावर तांदळाएवढा कुंकवाचा पंजा. तिने तो पुसून वर रंगाचा हात दिला. दुसऱ्या दिवशी पंजा परत तिथेच.

इंजिन न्यायला आलेल्या काकांनी भिंगातून पंजा निरखला. "करंगळी नाही. हा माझ्या जोडीदाराचा, गोमाजीचा. खाणीत शिरण्याआधी तो पंजा उमटवायचा, मी शीळ घालायचो, मग तो चढून दार लावायचा."

"कुठे असतात ते आता?"

"खाणीतच. वर आलाच नाही तो."

काकांनी हलकेच शीळ घातली.

इंजिनाचं इवलंसं उघडं दार आतून लागलं.