स्मारकावर नसलेलं नाव

लढाईत चंपत एकदाच मेला. दुसऱ्यांदा त्याला तुम्ही मारलं साहेब, मावल्याच्या रणभूमीवरल्या शहीद स्मारकावर त्याचं नाव न कोरून.

त्याची म्हातारी बायको मनकर्णा दगडावर ते नाव शोधून थकली. नात दीक्षानं तिथला नावं ऐकवणारा हेडफोन तिच्या कानाला लावला.

कानात एक माणूस शहिदांची नावं वाचू लागला. मनकर्णा मान हलवत राहिली.

"आजी, डोलून काऊन राह्यली? मी अजून चालूच नाही केलं!"

मनकर्णेनं हेडफोन घट्ट धरला. नावं संपली होती. तो माणूस आता नुसता दम खात होता.

"मने," तो म्हणाला, "साहेब शहिदांची नावं विचारायला आला तवा नवऱ्याचं नाव घेत नसतात म्हणून तू गप्प बसली. आता सांग. माहं नाव काय?"