खरं बोलण्याचा स्टार

मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून नोएडाच्या त्या नव्या शाळेत स्टार द्यायचे. त्या आठवड्यात प्रार्थनेनंतर घरातली एक खरी गोष्ट सांगितली की स्टार. शनिवारी तेजश्री तो मुठीत घट्ट धरून घरी आली.

"अच्छा, काय सांगितलंस?" ह्यांनी जेवताजेवता विचारलं. आमटी वाढताना माझा हात थांबला.

"लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली, असं."

"शाबास! नेहमी असंच खरं बोलायचं." हे खूश होऊन हात धुवायला उठले.

नळाचा आवाज सुरू झाल्यावर तिनं माझ्या बँडेज बांधलेल्या हातावर मूठ उघडली.

"आई, हा मॅडमना परत दे. बरणी बाबांनी फेकली होती, हे मी सांगितलंच नाही."